एक नंबरची चिठ्ठी

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात एक पद्मशाली सासू आणि तिची सून राहत होत्या. दोघी दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. वसाहत 2006 साली झाली, बिऱ्हाड इकडं आलं. नावं मात्र सोलापुरातल्या जुन्या पेठेच्या मतदार यादीतच राहिली.

2024 च्या मे महिन्याची 7 तारीख आली. लोकसभेचं मतदान होतं. ऊन मी म्हणत होतं.

"अत्तम्मा, सुट्टी पगारदारांना," सून म्हणाली. "आपल्या हजार विड्या कोण वळणार? रिक्षाचं भाडं वेगळंच. एवढ्या लाखांत आपलं मत कोण मोजतंय?"

सासू काही बोलली नाही. तिनं पानं कापली, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला. ऊन उतरल्यावर सूप बाजूला ठेवलं, ओळखपत्र कमरेला खोचलं आणि ती उठली. म्हातारीला एकटं कसं सोडायचं, म्हणून सूनही कुरकुरत निघाली.

शाळेत पोचल्या तेव्हा सहा वाजतच आले होते. दुपारभर घरात बसलेली माणसं आता रांगेत उभी होती. सून पुढं, सासू तिच्या मागं. सासूच्या मागं कुणी नव्हतं.

सहाला फाटक लागलं. केंद्राचे अधिकारी चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले आणि सरळ रांगेच्या शेवटाकडं गेले. सासूच्या हातात 1 नंबर पडला, सुनेच्या हातात 2.

"साहेब, चुकलं. आम्ही शेवटच्या आहोत."

"नियमच आहे, बाई. नंबर शेवटापासून द्यायचे, म्हणजे मागून कुणी घुसत नाही."

"आणि आमचा नंबर येईपर्यंत अंधार पडला तर?"

"पडू दे. चिठ्ठीवाल्या सगळ्यांचं मत झाल्याशिवाय मशीन बंद करता येत नाही."

सून चिठ्ठीकडं बघत राहिली. विडी कारखान्यात तिच्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं.

त्या निवडणुकीत सोलापूर मतदारसंघात सुमारे 59 टक्के मतदान झालं. दर शंभरांतले चाळीसएक जण आलेच नाहीत. रांगेतल्या शेवटच्या बाईसाठी सगळी यंत्रणा थांबते; घरी बसलेल्याची वाट कुणी बघत नाही, आणि त्याच्यावाचून निकालही अडत नाही. खासदार मात्र त्याचाही तोच होतो.

बोटाला शाई लागल्यावर सून पुन्हा साहेबांपुढं उभी राहिली. "नाव कुंभारीच्या यादीत न्यायचंय. काय करावं लागतं?"

"आठ नंबरचा फॉर्म भरा."

"दोन द्या," ती म्हणाली.

"इथं नाही मिळत. तहसीलला गेलात तर मिळेल."

"बुधवारी जमेल का गं?" सासूनं विचारलं. रिक्षा मिळेपर्यंत दोघींचा तोच हिशेब चालला होता.