शिखर आणि अंतर्मन

२६ एप्रिल १३३६ रोजी कवी पेत्रार्क आपल्या धाकट्या भावासह दक्षिण फ्रान्समधील व्हाँतू पर्वत चढला, असे त्याच्या पत्रात आहे. भाऊ थेट डोंगरधारेने वर गेला; सोपी वाट शोधणारा कवी मात्र पुनःपुन्हा दऱ्यांत उतरून अधिकच दमला. आपल्या आत्म्याचीही हीच गत आहे, हे त्याला वाटेतच उमगले. शिखरावर त्याने संत ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ उघडले. माणसे पर्वत पाहून थक्क होतात, स्वतःला मात्र विसरतात, हे वाचून तो खजील झाला व मुकाट्याने उतरला.

मग सृष्टिसौंदर्य न्याहाळणे हा दोष का? आम्हांस तसे वाटत नाही. पर्वत ही परमेश्वराचीच निर्मिती. दोष सोप्या वाटेच्या मोहाचा; आणि तो मोह कवीला पर्वतानेच दाखवून दिला.