कुरराने टाकलेला तुकडा



मार्गशीर्ष पौर्णिमेस श्रीदत्तजयंतीचा उत्सव येत आहे. त्या निमित्ताने अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एका गुरूचे स्मरण आपणांसमवेत करावे, अशी इच्छा आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले गुरू सांगितले. पृथ्वी, वायू, आकाश यांच्या मालिकेत त्याने कुरर नावाच्या शिकारी पक्ष्यासही मान दिला. कुरराजवळ मांसाचा तुकडा होता. ज्यांना तो मिळाला नव्हता असे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. कुरराने तुकडा टाकला आणि तत्क्षणी तो सुखी झाला. ही कथा मी लहानपणापासून तीर्थरूपांच्या मुखातून ऐकत आलो. तिचा अर्थ मात्र गेल्या कार्तिकात, बेळगावच्या आमच्या परसात उमगला.

आमच्या व काकांच्या परसामध्ये दोन हात रुंदीची जागा आहे. तिच्यावर एक जुना शेवगा आहे. ती जागा कोणाची, या वादापायी दोन्ही घरांतील बोलणे तीन वर्षे बंद होते. भिंत घालावी, हा हट्ट माझा होता. त्या सकाळी पाया आखण्यासाठी आम्ही पितापुत्र दोरी धरून उभे होतो. सहज वर पाहिले, तो निमुळत्या पंखांचे पक्षी एकामागून एक पश्चिमेकडे चाललेले. प्रथम घारी वाटल्या. परंतु घारी गिरक्या घेत रेंगाळतात आणि हे पक्षी तर वाट ठरवून निघालेले. मोजता मोजता मी चाळीसपर्यंत पोहोचलो. दोरी हातातून केव्हा सुटली, ते कळलेच नाही.

सायंकाळी पक्ष्यांचा अभ्यास असलेल्या एका शिक्षकांकडे गेलो. ते म्हणाले, हे अमूर ससाणे. सैबेरियाचा आग्नेय भाग व उत्तर चीन हे त्यांचे घर. एकेकाचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. शरद ऋतूत ते लाखोंच्या संख्येने नागालँडमधील दोयांग जलाशयापाशी उतरतात, पंख फुटलेली वाळवी खाऊन अंगी बळ धरतात आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून सुमारे ३,००० किलोमीटर न थांबता आफ्रिकेस जातात. शिदोरी म्हणून जवळ काय? केवळ अंगावरची चरबी.

त्यांनी आणखी एक हकिकत सांगितली. दोयांगजवळ पांगती नावाचे गाव आहे. धरणामुळे तेथील कित्येकांची शेते पाण्याखाली गेली. जाळी लावून ससाणे धरावे व विकावे, हा पुष्कळांचा आधार झाला. २०१२ साली एकाच हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले गेले असावेत, असा अंदाज होता. ते पाहून देशभर हळहळ झाली. मग गावोगावच्या पंचांनी, तेथील ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी व पक्षिमित्रांनी लोकांची समजूत घातली. गावाने शिकार सोडण्याचे ठरविले आणि २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहास खूण देणारी चिमुकली यंत्रे बसविली गेली. त्यांतील एकास त्या गावाचेच नाव मिळाले : पांगती.

घरी येऊन मी हे सारे तीर्थरूपांस सांगितले. ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, "त्या लोकांची उपासना आपल्याहून वेगळी; पण कुरराचा पाठ त्यांनी गिरवला. बाळ, आपला तुकडा कोणाच्या चोचीत आहे?"

मला राग आला. जागा आपली असताना आपणच का सोडावी, असे मी विचारले. ते म्हणाले, "कुरराचा तुकडाही त्याचाच होता."

सज्जनहो, या उत्तरापाशी माझा वाद खुंटला. परक्याची वस्तू परत करणे हा साधा न्याय होय. त्यास त्याग म्हणत नाहीत. जे आपले आहे, ज्याची आपणांस गरजही आहे, ते शांततेसाठी हातचे सोडणे कठीण. पांगतीच्या लोकांनी सोडले ते पोटाशी निगडित होते. मी मात्र दोन हात जागेसाठी सख्ख्या काकांस परका करावयास निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी गवंड्यास परत पाठविले. शेवग्याच्या शेंगा घेऊन तीर्थरूप स्वतः काकांकडे गेले. काका प्रथम काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी काकूंस चहा ठेवावयास सांगितले. जागेचा निर्णय अद्याप झालेला नाही. बोलणे मात्र सुरू झाले आहे, आणि शेंगा दोन्ही घरांत शिजतात.

उत्सवास येताना प्रत्येकाने आपल्या मुठीत काय आहे, ते एकदा उघडून पाहावे. ज्यापायी घरातली झोप उडाली आहे असा एक तुकडा श्रीदत्तचरणी ठेवता आला, तर अवधूताचा तो गुरू आपणांसही पावला असे समजावे. तेवढे बळ श्रीगुरूंनी सर्वांस द्यावे, हीच प्रार्थना.