बेवारस शिकार

वऱ्हाडात शिकार बंद आहे ती कागदावर. मित्राला सोबत घेऊन, खांद्यावर बंदूक टाकून दोन दिवस हरणामागे रान तुडवणारे हौशी शिकारी आता दिसत नाहीत, हे खरं. पण अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या पट्ट्यात जनावरं मरायची थांबलेली नाहीत. कुंपणाच्या तारेत सोडलेल्या करंटनं मरतात, विषानं मरतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडून मरतात. रानडुकरासाठी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब लपवलेला असतो आणि तो कधीकधी गाईच्या तोंडात फुटतो. करंटच्या तारेला तर माणूस आणि डुक्कर यांतला फरक कळतच नाही. मारलं कुणी, किती, कशासाठी, याची नोंद कुठे नसते. मेलेलं जनावर सकाळच्या आत पुरलं जातं. पूर्वीच्या हौशी शिकारीइतकीच, काही बाबतींत तिच्याहूनही, ही शिकार मला वाईट वाटते, कारण हिला धनी नाही.

अमेरिकेत गेलेले आपले लोक तिथल्या नोव्हेंबरमधल्या शिकारीची वर्णनं करतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी चढते. ऑफिसातला शांत, देवभोळा सहकारी शुक्रवारी संध्याकाळी मित्राबरोबर डोंगरातल्या खोपटात मुक्कामाला जातो आणि रविवारी हरीण मारून परततो. पण त्या शिकारीला धनी आहे, आणि त्या दोन दिवसांमागची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, कुठल्या भागात किती नर आणि किती माद्या मारायच्या हे सरकारी जीवशास्त्रज्ञ ठरवतात. मारलेल्या जनावराला त्या माणसाच्या नावाचा बिल्ला लागतो. मांस घरी नेऊन खाल्लं जातं. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचा, असा कायदा तिथे १९३७ पासून आहे. उत्पादकानं रायफल विकली की त्या किमतीच्या ११ टक्के त्या खात्यात जातात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण बेबंद कत्तलीनं जवळजवळ संपलं होतं. आज ते कोट्यवधींच्या घरात आहे आणि लोकांच्या बागा खातं.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत परवान्याच्या शिकारीचा हा मुद्दा जोरानं मांडला होता. शिकारीवर अशी सरसकट बंदी घालणारे आपणच, नॉर्वे-स्वीडनसारखे निसर्गप्रेमी देशही परवान्यानं शिकार करू देतात, आणि आपला कायदा गावकऱ्याला त्याच्याच शेतात गुन्हेगार ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर जंगल आणि माणूस यांचा एकत्र विचार केलेल्या माणसाचं हे मत आहे. शहरी प्राणिप्रेमाच्या एका फटक्यानं ते उडवून लावता येत नाही. निदान मला तरी येत नाही. तरीही परवाने पुन्हा सुरू करा, इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही, कारण परवाने होते तेव्हा काय झालं ते वऱ्हाडानं पाहिलं आहे.

इंग्रजांच्या अमदानीत मेळघाटची जंगलं ही साहेबांची शिकारीची जागा होती. हाका घालायला कोरकू आदिवासी, मचाणावर साहेब. साहेब गेल्यावर ती खुर्ची रिकामी राहिली नाही. जमीनदार, ठेकेदार, अधिकारी, त्यांचे पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर जीप आणि सर्चलाइट आला. पायी फिरणाऱ्या शिकाऱ्याला हरीण चकवू शकतं. झोतात डोळे दिपून उभ्या राहिलेल्या कळपाला जीपपुढे पळायचंही सुचत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभर काळविटांची जी धूळधाण झाली ती बहुतांशी अशीच, आणि त्यांतल्या कितीतरी बंदुकांवर पीक-संरक्षणाचा परवाना होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो या धूळधाणीनंतर. त्या कायद्यातही सुरुवातीला परवान्यानं शिकारीची तरतूद होतीच, ती १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. दरम्यान १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प उभा राहिला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. आज परवाने खुले केले तर ते कुणाच्या हातात जातील हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्याकडे जीप, त्याच्याच.

मेळघाटात हरणाचा हिशेब ठेवायला वाघ आहे. सांबर वाढलं की वाघाला खाणं मिळतं, आणि तो हिशेब आपल्याला न विचारता चालतो. प्रश्न गाविलगडाच्या पायथ्याखालचा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. इथे जंगल नाही, वाघ नाही. माळावर लांडगा होता, पण त्याचे माळ नांगराखाली गेले आणि शेळ्या-मेंढ्यांच्या रागापायी त्यालाही लोकांनी संपवत आणलं. राहिले रोही (नीलगाय), काळवीट आणि डुक्कर. रोह्याच्या मादीला अनेकदा जुळी होतात. पुरुषभर वाढलेली तूर त्यांना लपायला जंगलासारखीच, आणि हे जंगल खाताही येतं. काळविटाची तऱ्हा वेगळी. त्याला उंच पिकात शिरायला आवडत नाही, कारण त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. तो सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात येतो आणि नुकत्या उगवलेल्या हरभऱ्याचे शेंडे खुडत जातो. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, ओलिताची सोय तुटपुंजी. जमिनीतल्या ओलीवर येणारा हा हरभरा म्हणजे रब्बीचा मुख्य आधार, आणि नेमका तोच खुडला जातो.

दर्यापूरकडच्या एका मित्राबरोबर मी जागलीला गेलो होतो. इथला दोन मित्रांचा रानातला मुक्काम तो असा. बंदूक नाही, एक बॅटरी, एक पत्र्याचा डबा आणि धुऱ्यावर खाटेवर अंथरलेली वाकळ. वर डिसेंबरची थंडी. मध्यरात्रीनंतर काळविटांचा कळप आला. चांदण्यात आधी पोटाचा पांढरा पट्टा दिसतो, मग बाकीचं जनावर. मला ते दृश्य अतिशय सुंदर वाटलं आणि हे त्याच्यासमोर बोलायची सोय नव्हती. त्यानं डबा बडवला, कळप उसळला आणि शेजारच्या वावरात जाऊन शांतपणे चरू लागला. तिकडचा डबा वाजला, कळप परत इकडे. पहाटेपर्यंत एवढंच. माणसं एकमेकांचं नुकसान एकमेकांकडे ढकलत होती. चहा पिताना तो म्हणाला, “आपण मारलं त जेल, अन् तेनं खाल्लं त अर्ज.” कायद्याचा इतका नेमका सारांश मी वकिलाकडूनही ऐकलेला नाही.

तसं पाहिलं तर कायद्यात वाट आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत, त्याला हात लावला तर किमान तीन वर्षांची कैद. पण रोही आणि डुक्कर यांनी उभ्या पिकाचं नुकसान केलं तर कलम ११ खाली परवानगी देऊन त्यांना मारता येतं. राज्य सरकारनं २०१५ साली ही वाट रुंद करणारा निर्णयही काढला. पुढच्याच वर्षी काय झालं ते अनेकांना आठवत असेल. बिहारमध्ये मोकामा इथे दोनशेच्या वर रोही मारले गेले, आपल्याकडे चंद्रपुरात पन्नासच्या वर डुकरं. दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, जाहीरपणे भांडले. त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. मोकाम्यात मारणारे बाहेरून आणलेले बंदूकबाज होते. ते आले, मारून गेले. कुठला कळप कुठे राहतो, माद्या कधी वितात, गोळीबारानंतर उरलेला कळप कुठल्या गावाच्या बोडक्यावर बसेल, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. गावकऱ्यालाही त्यात काम नव्हतं, तो बांधावर उभा राहून बघत होता.

हे ज्यांना ठाऊक होतं ते लोक वऱ्हाडातच आहेत. फासेपारधी. जमिनीत खुंट्या ठोकून दोरीला ओळीनं फासे लावायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं कळपाजवळ जायचं, कळप हलकेच फाशांकडे वळवायचा. गोळीचा आवाज नाही, जनावर जिवंत हाती येतं. हा तपशील महत्त्वाचा आहे. गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, तेव्हा एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी जनावरं कशी वाटून घेतली होती ते दिसलं. पारध्याकडे हरणं आणि पाखरं, वैदूकडे मुंगूस-मांजरांसारखी जनावरं, नंदीवाल्याकडे कुत्र्यांच्या मदतीनं डुक्कर आणि घोरपड. गाभण मादी किंवा पाडस फाशात आलं तर पारधी ते सोडून देत, अशीही नोंद आहे. अमेरिकेत जे काम सरकारी जीवशास्त्रज्ञ आणि बिल्ला करतो, ते इथे जमातीची रीत करत होती.

या लोकांचं आपण काय केलं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं धोरण त्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवत गेलं. १९५२ साली तो कायदा गेला, पोलिसांच्या वहीतली नावं गेली नाहीत. १९७२ च्या कायद्यानं उरलेला धंदाही गुन्हा ठरवला, बदल्यात जमीन नाही की नोकरी नाही. त्यांना देवमाणसं ठरवण्यात अर्थ नाही. पोट रिकामं असलेल्या आणि रान ठाऊक असलेल्या माणसाला कातड्याचा दलाल शोधत येतोच, आणि पारध्यांमधलेही काही त्या साखळीत सापडले आहेत. मेळघाटात २०१३ च्या सुमारास उघड झालेलं वाघांचं प्रकरण मात्र बाहेरून आलेल्या बहेलिया शिकाऱ्यांचं होतं. उलट बाजूलाही दाखले आहेत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चवाळ्याला मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा काढली. कारंजा-अकोला भागात ‘संवेदना’ ही संस्था पारध्यांनाच सोबत घेऊन माळरान आणि तणमोर राखायचं काम करते. जुनं ज्ञान नव्या कामाला लावता येतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मला हवी आहे ती शिकार अशी: धनी असलेली, मोजलेली, आणि गावाच्या नजरेसमोरची. काळवीट पकडून हलवायचा, मारायचा नाही. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशानं २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शाजापूरकडच्या शेतांतून शेकडो काळवीट हेलिकॉप्टरनं हाकून नरसाळ्यासारख्या कुंपणात घेतले आणि अभयारण्यांत नेऊन सोडले. तंत्र दक्षिण आफ्रिकेचं. कळप हलके हलके अरुंद वाटेकडे वळवण्याची त्यामागची कल्पना पारध्याला कुणी शिकवायची गरज नाही, त्याला फक्त हेलिकॉप्टर नवं. न्यायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. कारंज्याचं काळवीट अभयारण्य १८ चौरस किलोमीटरच्या आसपास, तिथे किती मावणार? म्हणून गायरानं आणि ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनी अतिक्रमणातून सोडवून गवताला द्याव्या लागतील, आणि हा निर्णय हेलिकॉप्टरपेक्षा महाग पडेल. रोही आणि डुकरांच्या बाबतीत संख्या कमी करायचीच असेल तर ग्रामसभेनं ठराव करावा, आधी मोजणी व्हावी, मारणाऱ्याचं नाव नोंदलं जावं. डुकराचं मांस जाळून-पुरून टाकायचं की खाणाऱ्याला द्यायचं, हा प्रश्नही एकदा उघड विचारावा. अन्नाची नासाडी करणारी शिकार मला पटत नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं तेव्हा मोजणीपर्यंत त्यानं मान हलवली. पारध्यांचं नाव निघाल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, “पारध्याले वावरात शिरू देऊ? अन् उद्या मोटार गेली त?” त्याचे वडील, अण्णा, खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी हरभऱ्याच्या दिवसांत पारध्यांचं बिऱ्हाड वावराच्या कडेला उतरायचं, आणि उतरलं नाही तर अण्णांचे वडील पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, निरोप धाडायचे. मुलाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तरी त्याचं उत्तर बदललं नाही. तो म्हणाला, मोजायला येऊ देतो, पण वनखात्याचा माणूस सोबत पाहिजे अन् दिवसा. सुरुवात बहुधा इथूनच करावी लागेल: रोज ठरवून मजुरी, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं ओळखपत्र, ठाण्यात आधीच दिलेली कामाची यादी, आणि पहिल्या हंगामात फक्त मोजणी.