आलो, आले, येईन

मावळातल्या कामशेतहून पवनानगरकडे जाताना आत बेडसे लेणी लागतात. कार्ल्याला एकविरेच्या दर्शनाची गर्दी असते, भाज्याला पावसाळी सहलींची. बेडश्याच्या पायऱ्या चढताना मात्र स्वतःच्या धापेशिवाय फारसा आवाज नसतो. तिथे पाण्याच्या एका टाक्यापाशी ब्राह्मी अक्षरांत कोरलेला छोटा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने दिलेल्या दानाची ती नोंद. तिचं नाव सामडिनिका. लेखात ती महारठिनी आहे, महाभोजाची मुलगी आहे आणि आपदेवणकाची बायको आहे.

तो लेख आठवला की मला दर वेळी एकच गोष्ट टोचते. दान तिचं, नावही तिचं, आणि तरी ती कोण हे सांगायला बाप आणि नवरा लागले. मावळच्या कातळात बाईची ओळख अशी कोरली गेली. त्यानंतर शतकानुशतकं आपण बाईला कोणाची तरी म्हणूनच ओळखत आलो आणि ‘बाई म्हणजे कोण’ हे तिला कोणी फारसं विचारलं नाही.

आता त्या प्रश्नावर मोबाइलच्या पडद्यावर रोज भांडणं होतात. एक बाजू म्हणते, शरीर ठरवतं, विषय संपला. दुसरी म्हणते, जी स्वतःला बाई मानते ती बाई, आणि शंका काढणारी व्यक्ती द्वेष्टी. साडी नेसून नाचणारा कलावंत, शस्त्रक्रिया करून घेतलेली ट्रान्स स्त्री, लोकलमध्ये टाळी वाजवत फिरणारी तृतीयपंथी आणि या सगळ्याने गोंधळलेली एखादी गृहिणी, सगळ्यांना एकाच वाक्यात कोंबून निकाल दिला जातो. मला वाटतं, इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक सोंगाचा, दुसरा असण्याचा आणि तिसरा सोसण्याचा. आपल्या भाषेत हे तिन्ही शब्द वेगळे आहेत. ते वेगळे ठेवले तर निम्मं भांडण मिटेल आणि उरलेल्या निम्म्यासाठी निदान समोरासमोर बसता येईल.

आधी सोंग. गावच्या जत्रेत, सप्ताहात सोंगी भारूड पाहिलेल्या माणसाला ‘ड्रॅग’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मिशी असलेला शेतकरी लुगडं नेसतो, पदर डोक्यावर घेतो आणि एकनाथांच्या भारुडातली सून होऊन सासूच्या नावाने खडे फोडतो. सकाळी तोच भातखाचरात चिखल तुडवत असतो. रात्री तू कोण होतास, असं त्याला कोणी विचारत नाही. सोंग घेतलं जातं आणि उतरवलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या सोंगाचं सर्वात देखणं शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, आपले बालगंधर्व. त्यांच्या साडीची नेसण, दागिने, गजरा यांची नक्कल घरंदाज बायकांनी केली. एका पुरुषाने रंगवलेलं बाईपण बायका आरशासमोर शिकत होत्या. आणि याच काळात खऱ्या बाईला प्रतिष्ठित रंगभूमीचं दार बंद होतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही; ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा शिकलेल्या घरच्या बायका नाटकात आल्या याची चर्चा झाली.

१२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. दुःख गिळून ते भामिनी झाले आणि प्रयोग पार पडला. या निष्ठेची गोष्ट मराठी घरांत आजही आदराने सांगतात. दुसरी गोष्ट मावळापासून फार दूर नसलेल्या नारायणगावची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, असं सांगितलं जातं. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या बाईचं उतारवय हलाखीत गेलं.

या दोन गोष्टी मी शेजारी ठेवते त्या कोणाला लहान करण्यासाठी नव्हे. बालगंधर्वांचं सोंग थोर होतं. पण प्रयोग संपल्यावर शालू घडी करून ठेवता येत होता. विठाबाईंना त्यांचं शरीर घडी करून ठेवता आलं नाही, आणि त्यांची जातही नाही. पुरुषाने रंगवलेल्या बाईला नाट्यगृह मिळालं, स्वतः बाई असलेल्या कलावंतिणीला मात्र फड आणि शेलके शब्द. आज एखादी बाई ड्रॅगकडे पाहून अस्वस्थ झाली, तर त्या अस्वस्थतेच्या मागे हा इतिहास असू शकतो. तिला लगेच मागासलेली म्हणू नये. त्याच वेळी तिनेही हे लक्षात घ्यावं की अन्याय सोंगाने केला नव्हता. तो ज्यांच्या हातात दाराची कडी होती त्यांनी केला.

सोंगाला असणं समजलं की काय होतं, हे तमाशातल्या नाच्याने भोगलं. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत नाच्या अजरामर केला. ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. प्रेक्षकांनी पडद्यावरच्या हावभावांनाच त्यांचं खरं रूप मानलं आणि त्याचा ताप त्यांच्या घराला झाला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा हीच जखम वागवतो; २०१० साली रवी जाधवांच्या चित्रपटाने ती नव्या पिढीपुढे आणली. म्हणजे गोंधळ नवा नाही. साडी दिसली की तिच्या आतल्या माणसाबद्दल आपल्याला सगळं कळलं, असं आपण तेव्हाही समजत होतो.

आता असणं. इथे आपली भाषा आपल्याला एका विलक्षण जागी आणून सोडते. इंग्रजी बोलणारा माणूस दिवसभर स्वतःबद्दल बोलूनही आपण स्त्री की पुरुष हे सांगत नाही. मराठीत दारात पाऊल टाकताच ते सांगावं लागतं: मी आलो, किंवा मी आले. मी जातो, किंवा मी जाते. जन्माने मुलगा ठरवलेलं एखादं लेकरू ज्या दिवशी आईसमोर ‘मी आले’ म्हणतं, त्या एका मात्रेत त्याचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं असतं. घरचे हसतात, मग दरडावतात, मग मारतात. अशी कित्येक लेकरं आधी घर सोडतात आणि मगच क्रियापद बदलतात.

व्याकरण शरीराशी खिळ्याने ठोकलेलं आहे, असंही नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका सहज ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला ओरखडाही उठत नाही. गोव्यात, मालवणात लहान मुलगी ‘तें चेडूं’ असते, नपुंसकलिंगी, आणि त्यात माया असते. पोरगं, लेकरू, पाखरू हे आपले सगळे लाडाचे शब्द नपुंसकलिंगी आहेत. पण तेच ‘ते’ तृतीयपंथीयाला लावताना आपला आवाज बदलतो. म्हणजे दोष व्याकरणाचा नाही, आवाजाचा आहे. आणि ज्या ज्ञानोबांना, जन्माने पुरुष असलेल्या त्या मुलाला, आपण सातशे वर्षं ‘माउली’ म्हणतो, ज्या विठोबाला विठाई म्हणतो, त्यांची इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या मावळातून देहू-आळंदीला जाते. स्त्रीलिंगी शब्दाने पुरुषाला वंदन करण्यात इथे कोणाला कधी अडचण वाटलेली नाही.

जानेवारी २०२१ मध्ये हा असण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला होता. त्या तृतीयपंथी असल्याने तो बाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता आणि २०१९ च्या कायद्यातही तो आला होता. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अंजलींना महिला म्हणून निवडणूक लढवू दिली. यापुढे संधी पाहून पुरुष ही ओळख वापरणार नाही, हे अंजलींच्या बाजूने न्यायालयाला सांगण्यात आलं होतं. मग गावाने मतदान केलं आणि त्या निवडून आल्या.

त्या खटल्यात त्यांचं नाव ‘अंजली गुरू संजना जान’ असं आहे. मला इथे सामडिनिका आठवते. दोन हजार वर्षांपूर्वी बाईच्या नावामागे बाप आणि नवरा कोरला गेला; इथे त्या जागी गुरूचं नाव आहे, तृतीयपंथी समाजात घर सुटलेल्यांना आसरा देणाऱ्या नात्याचं. कोणाची तरी असणं इथेही चुकलेलं नाही, पण ते नातं निवडलेलं आहे. आणि न्यायालयाने दिलेला निकाल पाहा. बाई म्हणजे काय याची तात्त्विक व्याख्या तिथे सर्वांसाठी ठरली नाही. एका माणसाचं म्हणणं, त्यामागचं जगणं आणि त्याने दिलेला शब्द तपासून एका जागेपुरता न्याय झाला.

तिसरा प्रश्न सोसण्याचा, आणि तो माझा स्वतःचा आहे. माझ्या आजीला स्वतःच्या शरीरासाठी सरळ शब्द नव्हता. तिला ‘कावळा शिवायचा’. आईची ‘अडचण’ असायची. ‘पाळी आली’ हे दोन शब्दांचं साधं वाक्य घरात वडिलांसमोर उच्चारायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या. म्हणून कुणी जेव्हा म्हणतं की आता ‘बाई’ऐवजी ‘पाळी येणारी व्यक्ती’ म्हणा, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. गर्भातच मारली गेली ती मुलगी म्हणूनच मारली गेली. बाळंतपण, रक्तक्षय, विटाळ, रस्त्यावरचा स्पर्श हे ज्या शब्दाखाली सोसलं, तो शब्द पुसून टाकला तर सोसलेल्याचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा?

पण या दुखण्याचा उपाय मी दुसऱ्या कोणाच्या दुखण्यावर उभा करणार नाही. माझा नियम साधा आहे: शब्द वाढवावा, काढू नये. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘स्त्रिया’ असू दे, आणि गर्भाशय असलेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्या माणसासाठी आणखी एक ओळ असू दे. फॉर्म दोन बोटं लांब होईल. कोणाचं काही जाणार नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या समानता कायद्यातल्या ‘स्त्री’ शब्दाचा अर्थ जैविक लिंगाला धरून लावला, आणि त्याच वेळी ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून मिळणारं संरक्षण कायम असल्याचंही सांगितलं. इकडच्या दोन्ही बाजूंनी त्यातला आपापला अर्धा भाग उचलून फिरवला. तुरुंग, आश्रयगृह, खेळाचं मैदान, वसतिगृह या ठिकाणी बायकांच्या भीतीला कारणं आहेत आणि तिथले नियम त्या त्या जागेची गरज पाहून ठरवावे लागतील. कबड्डीच्या संघाला लावायचा निकष ग्रामपंचायतीला लागत नाही, आणि ग्रामपंचायतीचा दवाखान्याला लागत नाही. एका शब्दाची व्याख्या करून सगळी कुलपं उघडतील, हा भ्रम आहे.

पुणे-लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यात हा प्रश्न रोज सुटतो, कधी नीट, कधी वाईट. गेल्या वर्षी मळवलीला एक तृतीयपंथी चढली. हातात टाळी नव्हती, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी होती. दोघी-तिघींनी पाय आखडून घेतले. एकीने तोंड खिडकीकडे वळवलं. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या आजी म्हणाल्या, “बस की गं. कुठं जायचंय तुला?” ती म्हणाली, “कामाला चाललेय, चिंचवडला.” आजींनी पाटी सरकवली. त्यांनी तिचं शरीर विचारलं नाही आणि तिची व्याख्याही केली नाही. तिने स्वतःसाठी वापरलेलं क्रियापद ऐकलं आणि त्याच क्रियापदात पुढे बोलत राहिल्या. वडगाव येईपर्यंत खिडकीकडे वळलेलं तोंडही परत आत वळलं होतं.

वाचकांकडे माझं मागणं याहून मोठं नाही. समोरचं माणूस स्वतःला आलो म्हणतं की आले, ते ऐका आणि तसंच बोला. जिथे सुरक्षिततेचा, हक्काच्या जागेचा खरा प्रश्न आहे तिथे नियमांवर नेटाने भांडा, बायकांना बोलू द्या, तृतीयपंथीयांनाही त्याच खोलीत बसवून बोलू द्या. आणि घरातल्या लेकराने भीत भीत क्रियापद बदललं, तर त्याच्यासाठी दार उघडं ठेवा.

मराठीत वर्तमानकाळ आणि भूतकाळ माणसाचं लिंग विचारतात. भविष्यकाळ विचारत नाही. तिथे बाई, पुरुष, तृतीयपंथी सगळ्यांना एकच रूप आहे: मी येईन.