फिरंगरोग आणि पापाचा हिशेब

उपदंशाला, म्हणजे बोलीतल्या गरमीला, भावमिश्राने सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त फिरंगरोग म्हटले. फिरंग्यांच्या देशात तो फार, म्हणून हे नाव. हा रोग ‘आगंतुज’, बाहेरून आलेला, असे सांगून त्याने संसर्ग हे कारण दिले आणि उपायही लिहिला: रसकापूर कणकेच्या गोळीत भरायचा, वर लवंगेची पूड लावायची, दाताला न लावता गिळायचा, मग विडा चघळायचा. पाऱ्याचे औषध तोंडाला बाधते, हे वैद्य ओळखून होता.

रोगाची चाल फसवी असते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी, बहुधा जननेंद्रियावर, एक कडक व्रण उठतो. तो दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवायच भरून येतो. नवस फळला असे वाटायला एवढे पुरे. पुढे अंगावर, अगदी तळहात-तळपायांवरही, तांबूस चट्टे येतात. सहसा खाजत नाहीत, आणि तेही विरतात. मग वर्षानुवर्षे शांतता. उपचार न झालेल्यांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्याला दहा ते तीस वर्षांनी तिसरी अवस्था गाठते. नाक बसते, महाधमनी फुगून फुटते, किंवा मेंदू पोखरला जाऊन माणूस आधी भ्रमिष्ट, मग लुळा होऊन मरतो. फ्रेंच कथाकार मोपासां १८९३ साली वयाच्या ४२व्या वर्षी याच रोगाने वेड्यांच्या इस्पितळात वारला.

हा पापाचा दंड आहे का? समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात तापत्रय उलगडले आहे. देहात उपजणारी व्याधी हा आध्यात्मिक ताप. काटा, साप, विंचू अशा इतर भूतांपासून होणारा तो आधिभौतिक. आणि केलेल्या कर्माबद्दल मरणोत्तर भोगायची यमयातना हा आधिदैविक. दंड तिसऱ्या खान्यात आहे, रोग पहिल्या. मात्र व्याधींच्या मुळाशी पूर्वपाप आहे, असेही समर्थ म्हणतात, आणि हे टाळून चालणार नाही.

पण पूर्वजन्मीचा हिशेब कोणाच्याच हाती नसतो. शेजारी बोट दाखवतो ते याच जन्मातल्या वागणुकीकडे, आणि तिथे युक्तिवाद लगेच मोडतो. नवऱ्याकडून रोग आलेल्या, घराबाहेर पाऊल न टाकलेल्या बायकोचे पाप कोणते? तिच्या पोटातल्या गर्भाचे? तिथेही पूर्वजन्म पुढे केला, तर ते उत्तर कोणत्याही दुःखाला सारखेच लागू पडते, म्हणून या दुःखाविषयी काहीच सांगत नाही.

१९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना व्रणातल्या स्रावात मळसूत्रासारखा पीळदार जंतू दिसला. तेव्हापासून हा रोग खरे तर दुसऱ्या खान्यात जायला हवा: एका जिवाने दुसऱ्याला केलेली इजा, विंचवाच्या नांगीसारखी. साप चावलेल्याला कोणी आधी चारित्र्य विचारत नाही; धावाधाव होते. गरमीच्या रोग्याला मात्र विचारले गेले, आणि लाजेपोटी त्याने व्रण लपवला. पापाच्या कल्पनेने रोगाला केलेली ही सर्वांत मोठी मदत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसत लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिले, ते हीच लाज मोडण्यासाठी.

कर्म मानणाऱ्यालाही औषध नाकारता येत नाही. भावमिश्राने रोग्याच्या पापाची वाट न पाहता गोळी वळली, आणि प्रयत्नाला देवाच्या ठिकाणी मानणारे तर स्वतः रामदासच. १९४३ साली अमेरिकेत महोनी यांनी पेनिसिलिनने हा रोग बरा केला. आज सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन बहुधा पुरते. गरोदर बाईचे रक्त वेळीच तपासून ते दिले, तर पोटातले बाळही बहुतेक वेळा या रोगातून वाचते.