मोजणाऱ्यांचा गुन्हा

शिरूर अनंतपाळ आज लातूर जिल्ह्यातला तालुका आहे. निजामाच्या राजवटीत हा सारा निलंग्याचा टापू बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूरमध्ये. इथल्या नव्वदीतल्या माणसाने गाव न सोडता तीन जिल्हे पाहिले. हैदराबाद, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्येही पाहिली. यातला कुठलाही बदल त्याला विचारून झाला नव्हता. अरब देशांतल्या लोकशाही सुधारणांबद्दल लिहायला मला हीच जागा योग्य वाटते.

अरब जग आपल्याला वाटते तितके परके नाही. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरे गावोगाव आहेत. यमनमधल्या हद्रमौत प्रांतातून निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे हे वंशज. त्याच फौजेत जमादारी करून कुऐती घराण्याने पैसा जमवला आणि तिकडे मुकल्ल्याला सल्तनत थाटली. निजामाचे तख्त गेल्यावरही ती १९६७ पर्यंत टिकली. आपल्या शेतसाऱ्यातले किती रुपये त्या किनाऱ्यावर पोचले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हिशेब ठेवू पाहणाऱ्यांचे काय होते, हे कैरोत दिसले. समाजशास्त्रज्ञ साद एद्दिन इब्राहिम यांचे इब्न खल्दून केंद्र निवडणुकांवर लक्ष ठेवी, मतदारांना जागे करी. २००० साली त्यांना अटक झाली, पुढच्या वर्षी सात वर्षांची शिक्षा. मुख्य आरोपांपैकी एक असा, की परवानगीशिवाय परदेशी पैसा घेतला. २००३ साली ते निर्दोष सुटले, पण तोवर बाकीच्या अभ्यासकांना जो धडा मिळायचा तो मिळाला होता. त्याच वर्षी रामल्ला इथे लोकमताची पाहणी करणारे खलील शिकाकी यांच्या कार्यालयावर जमाव चालून गेला. त्यांनी पॅलेस्टिनी निर्वासितांना परतीबद्दल प्रश्न विचारले होते आणि आलेली उत्तरे जमावाला नको होती. म्हणजे मोजणाऱ्याचा राग फक्त सरकारलाच येतो असे नाही.

एकट्या संस्थेची मान पिरगाळणे सोपे, म्हणून २००५ साली अरब देशांतल्या काही स्वतंत्र संशोधन संस्थांनी एकत्र येऊन ‘अरब रिफॉर्म इनिशिएटिव्ह’ उभारले. सीरियात जन्मलेल्या बस्मा कोदमानी यांनी ते चालवले. पुढच्याच वर्षी ‘अरब बॅरोमीटर’ या लोकमत-प्रकल्पाच्या पाहण्या सुरू झाल्या. ट्युनिस, कैरो, सना इथे लोक २०११ साली रस्त्यावर आले, ते काही या अहवालांमुळे नव्हे. अहवालाने क्रांती होत नसते. पण ‘आमच्या लोकांना लोकशाही नकोच आहे’ हे राज्यकर्त्यांचे आवडते वाक्य या पाहण्यांनी खोटे पाडले.

हे वाक्य हैदराबादेतही बोलले जाई. १९३७ साली निजाम सरकारने सुधारणा सुचवायला अय्यंगार समिती नेमली. १९३९ साली सुधारणा जाहीर झाल्या: ८५ जणांचे विधिमंडळ, त्यात निवडून येणारे ४२. बहुमत होऊ नये इतपतच लोकशाही! मतदारसंघ गावांचे नव्हेत, तर धंद्यांचे. आजच्या आखाती राजांच्या सल्लागार मंडळांची घडण पाहिली की हे गणित ओळखीचे वाटते. सभेला परवानगी लागे ती ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकाखाली. त्यामुळे माणसे वाचनालयात, साहित्य संमेलनांत, खासगी शाळांत जमत. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला झाले, दुसरे पुढच्या वर्षी लातूरला. शाळामास्तर असलेले स्वामी रामानंद तीर्थ याच जाळ्यातून पुढे आले. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली. ‘काँग्रेस’ हे नावच बाहेरचे, म्हणून सरकारचा आक्षेप. मुल्की-गैरमुल्कीचा, म्हणजे स्थानिक-परक्याचा, तो वाद आणि कैरोतला परदेशी पैशाचा आरोप यांत मला फारसा फरक दिसत नाही. सत्तेला प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसले, की ती प्रश्न विचारणाऱ्याचा पत्ता विचारते.

आपल्याकडचे आजचे चित्र बरे आहे. ‘लोकनीती’ या अभ्यासकांच्या देशव्यापी जाळ्याची धुरा पुण्याच्या सुहास पळशीकरांनी दीर्घकाळ वाहिली. त्यांचे कार्यकर्ते निवडणुकीनंतर नमुन्याची मतपत्रिका आणि पेटी घेऊन दारोदार जातात. मतदाराने कोणाला मत दिले हे त्याच्या शेजाऱ्यालाही कळत नाही. हा साधा आदर अरब देशांत मिळवायला लोक तुरुंगात गेले.

पण आपणही एक अहवाल दडपलाच. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले; त्या ‘पोलीस ॲक्शन’नंतर पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती या मुलखात फिरली. तिच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त पोळलेले चार जिल्हे तिने सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. तेव्हाचे शिरूर यातल्या बिदरमध्ये येते. सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही, आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या आपल्या भाषणांत तो आजही नसतो. निजामाच्या गश्तीवर हसणाऱ्यांना हे शोभत नाही.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना एवढीच विनंती आहे. त्या काळाचे साक्षीदार थोडे उरलेत. या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवा. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी जाळलेली घरे आणि सप्टेंबर १९४८ मध्ये लुटलेली घरे, दोन्ही एकाच वहीत लिहून घ्या.