बाहेरून जाणारा चेंडू

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या क्रीडांगणात, उजव्या अंगाच्या उघड्या प्रेक्षकमंचावर, हिरव्या खुर्च्यांच्या दाट रांगांमध्ये एकच खुर्ची तांबडी आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने टोलविलेला चेंडू ५०२ फुटांचे अंतर कापून तेथे एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर उतरला, अशी तिची कैफियत. गेल्या उन्हाळ्यात माझे मामा दोन महिने माझ्याकडे राहावयास आले होते. उभा जन्म महसूल खात्यात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना कोणत्याही वस्तूपेक्षा तिच्यामागची नोंद अधिक प्रिय, म्हणून सामना सुरू होण्यास तासभर अवकाश असताना मी त्यांना मुद्दाम त्या खुर्चीपाशी नेले.

"१९४१ साली यानेच सर्वांवर कडी केली, आणि त्या वर्षाचा मान मात्र दुसऱ्याला गेला, असे तू काल म्हणालास," खुर्चीच्या पाठीवर हात ठेवीत मामा म्हणाले. "तो तपशील मला नीट सांग."

मी सांगू लागलो. सान फ्रान्सिस्कोच्या एका सिसिलियन कोळ्याचा मुलगा जो डिमॅजिओ, न्यूयॉर्क यांकीजचा मध्यक्षेत्ररक्षक, याने त्या वर्षी १५ मेपासून १६ जुलैपर्यंत सलग ५६ सामन्यांत प्रत्येक वेळी निदान एक तरी हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मारला. आणि बॉस्टन रेड सॉक्सच्या विल्यम्सने, जो हंगामाच्या अखेरीस जेमतेम तेवीस वर्षांचा होता, साऱ्या हंगामाची सरासरी ०.४०६ वर नेऊन ठेविली. दहा संधींपैकी तीन वेळा यश मिळविणारा फलंदाज ज्या खेळात उत्तम गणला जातो, त्या खेळात दहापैकी चार ही मर्यादा मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक संघटनेच्या दफ्तरात त्यानंतर कोणी ओलांडली नाही, असेच आम्ही वाचत आलो होतो.

"मग मान ज्याला मिळाला त्यालाच मिळावयास हवा होता," मामा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "सरासरी ही वर्षअखेरची जमाबंदी आहे. सोमवारची तूट मंगळवारी भरून काढता येते. परंतु छप्पन्न दिवस एकही खाडा नाही, आणि प्रत्येक सकाळी कालचे सर्व संचित पणाला लागलेले, ही गोष्ट निराळ्याच जातीची आहे. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी क्रिकेटमधला मर्चंट थोर की हजारे थोर, यावर रात्री जागवीत. तेव्हाही माझा कौल रोज उठून काम करणाऱ्याकडेच असे."

"पण मामा, त्याच छप्पन्न सामन्यांत डिमॅजिओची सरासरी ०.४०८ होती, आणि त्याच काळात विल्यम्सची ०.४१२. दिवसाला एक हिट पुरतो, म्हणून मालिका डोळ्यांत भरली. ज्याने त्याच दिवसांत किंचित अधिक केले, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. शिवाय १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये, सदुसष्ट हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने दोन सणसणीत चेंडू अडविले नसते, तर मालिका आणखी चालली असती. ती थांबली यातही दैवाचा वाटा, चालली त्यातही असणारच."

"दैव कोणाच्या हिशेबात नसते?"

ही गोष्ट मी नाकारू शकलो नाही. नदीपलीकडच्या हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल याने गणित मांडून पाहिले होते, आणि बेसबॉलच्या इतिहासातील इतर सर्व मालिका संभाव्यतेच्या नियमांत बसतात, ही एकच बसत नाही, असे त्याला आढळले होते. त्याचाच सहकारी स्टीफन जे गूल्ड याने त्यावर मोठ्या आस्थेने लिहिले आहे. हे मी मामांना प्रामाणिकपणे सांगितले. डिमॅजिओची थोरवी कमी करून विल्यम्सला मोठे करण्याची माझी इच्छा नव्हती. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला यांकी स्टेडियमचे डावे-मध्य अंगण इतके खोल होते, की अन्यत्र होम रन ठरले असते असे त्याचे अनेक फटके तेथे झेलांत विरून गेले; तरीही तेरा हंगामांत ३६१ होम रन, आणि तीन चेंडू चुकवून बाद होण्याचे प्रसंग अवघे ३६९. हे दोन आकडे इतके जवळ असणे किती दुर्मिळ, हे या खेळाचे जाणकारच सांगू शकतील.

मग मी त्याच १९४१ च्या २८ सप्टेंबरची हकिकत सांगितली. हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात एकापाठोपाठ दोन सामने. त्या दिवशी सकाळी विल्यम्सच्या नावावर ४४८ संधींत १७९ हिट होते, म्हणजे सरासरी ०.३९९५५, कागदोपत्री ती ०.४०० अशीच धरली गेली असती. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली. तो बसला नाही. दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट मारले, आणि सरासरी ०.४०६ झाली.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. "घरी बसला असता तरी नोंद झालीच असती?" त्यांनी अखेरीस विचारले.

"झालीच असती."

"तर मग त्याला डावलण्याचे कारण काय?"

कारणे अनेक होती. यांकीज सतरा सामन्यांच्या आघाडीने पहिले आले होते, आणि सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविताना वृत्तपत्रकारांनी संघाच्या विजयाला वजन दिले; डिमॅजिओला २९१ गुण पडले, विल्यम्सला २५४. पण ज्या आक्षेपाने विल्यम्सचा आयुष्यभर पाठलाग केला, तो याहून खोल होता. आपल्या कक्षेबाहेरून, म्हणजे फलंदाजासमोरच्या नियमाने ठरलेल्या चौकटीबाहेरून, दोन बोटे का होईना, जाणाऱ्या चेंडूवर तो बॅट फिरवीत नसे. तिसऱ्या बेसवर सहकारी उभा आहे, एक साधा फटका त्याला घरी आणील, प्रेक्षक ओरडत आहेत, आणि हा चेंडू सोडून देतो. चार चेंडू बाहेर गेले की पहिला बेस आपोआप मिळतो. असे त्याला १९४१ मध्ये १४७ वेळा मिळाले. टीकाकार म्हणत, हा आपली सरासरी जपतो, संघ जपत नाही. डिमॅजिओ अशा वेळी तो चेंडू मारीत असे.

"हा खरा पेच आहे," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "एका अवर्षणाच्या सालानंतर माझ्या मेजावर तगाईचा एक अर्ज आला होता. दाखला एकच कमी होता. मी तो परत पाठविला. नियमाप्रमाणे माझे बरोबर होते. वरिष्ठांनीही माझी पाठ थोपटली. पण दाखला मिळवून तो कुणबी परत येईपर्यंत पेरणी टळली. आपला धर्म निष्कलंक ठेवणे आणि लोकांचे काम होणे, या दोहोंत मी पहिले निवडले, आणि आजतागायत ते मला सलते आहे. म्हणून जो माणूस वाईट चेंडूसुद्धा दुसऱ्याकरिता अंगावर घेतो, तो मला जवळचा वाटतो. स्वधर्म मोठा खरा, पण लोकसंग्रह सोडून तो कशाचा?"

उत्तर देणे मला सोपे नव्हते, कारण ज्याने आपले शल्य उघडे करून प्रश्न विचारला त्याला केवळ आकड्यांनी गप्प करणे मला अनुचित वाटत होते. तरीही जे मला सत्य वाटत होते ते मी सांगितले. "मामा, तुमचा अर्ज परत गेला तेव्हा त्या माणसाच्या हाती काहीच राहिले नाही. विल्यम्स चेंडू सोडी तेव्हा तो काही तरी मिळवीत होता: बेस. आपल्या कक्षेचे सत्त्याहत्तर चेंडूंएवढे भाग पाडून प्रत्येक जागी आपण काय करू शकतो, याचा तक्ता त्याने पुढे आपल्या पुस्तकात छापला, मध्यभागी ०.४००, आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात केवळ ०.२३०. तो कोपरा तर कक्षेच्या आतलाच होता. त्याच्याही बाहेरचा चेंडू मारणे म्हणजे संघाच्या नावाने संघाची संधी उधळणे, असे तो मानीत होता. त्या वर्षी तो बॅट घेऊन उभा राहिला त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ०.५५३ या प्रमाणात, बेसवर पोहोचला. ज्याला लोकांनी स्वार्थ म्हटले, तोच त्याचा लोकसंग्रह होता. तो कोणाला दिसला नाही, कारण हे प्रमाण मांडण्याचा रकानाच तेव्हा अधिकृत दफ्तरात नव्हता. तो १९८४ साली आला."

"रकाना नव्हता," मामांनी ते शब्द सावकाश उच्चारले. सरकारी नोंदवह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला त्यांचा अर्थ मला कळतो त्याहून अधिक कळला असावा. "तर मग फलंदाज म्हणून तुझा विल्यम्स मोठा, हे मी मान्य करतो. माझ्या अर्जाचे शल्य मात्र त्याने निघत नाही, आणि डिमॅजिओवरचा माझा लोभही जात नाही. पण मला आणखी एक सांग. ज्यांच्यासाठी रकानाच नव्हे, तर वहीत पानच नव्हते, असे कोणी त्या काळी होते काय? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्या माणसाने नांगर धरला नाही, असे होत नाही, हे मी शेकडो गावांच्या दफ्तरांत पाहिले आहे."

होते. १९४१ मध्ये मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. त्यांचे सामने निग्रो लीग या तत्कालीन नावाच्या वेगळ्या संघटनांत होत. होमस्टेड ग्रेजचा जॉश गिब्सन हा त्यांतला थोर फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने मेजर लीगमध्ये पाऊल ठेविले. १९६६ साली कूपर्सटाउनच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात विल्यम्सचा प्रवेश झाला, तेव्हा त्याने आपल्या छोट्या भाषणात गिब्सन आणि सॅचेल पेज यांची नावे घेऊन, केवळ संधी न मिळाल्यामुळे येथे नसलेल्या या खेळाडूंना आत घ्यावे, अशी आशा व्यक्त केली. ज्या दिवशी सारे दफ्तर त्याच्याच गौरवासाठी उघडले होते, त्या दिवशी त्याने त्यातील गाळलेल्या नावांकडे बोट दाखविले. हे मी सांगितले तेव्हा मामांनी तांबड्या खुर्चीवरचा हात काढून घेतला आणि दोन्ही हात जोडले.

पेज १९७१ मध्ये कीर्तिमंदिरात गेला, गिब्सन १९७२ मध्ये. आणि मे २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे आपल्या दफ्तरात दाखल करून घेतले, तेव्हा १९४१ नंतर कोणी ०.४०० ची मर्यादा ओलांडली नाही, हे वाक्य खोटे ठरले. त्या दफ्तरात एका हंगामाची सर्वोच्च सरासरी आज जॉश गिब्सनच्या नावावर आहे: साल १९४३, ०.४६६.